टाटा रुग्णालयाजवळच्या धर्मशाळेतील मुक्काम : एका वारकरी कुटुंबाचा अभिप्राय

माझ्या यजमानांच्या गालाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी आम्ही उभयता, शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यापासून किरणोपचार संपेपर्यंत, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापासून चालत जाण्याच्या अंतरावरील एका धर्मशाळेत राहिलो. या निवासाविषयी मला पुष्कळ चांगले लिहायचे आहे आणि थोडे कडूही लिहायचे आहे. नाममात्र शुल्कात सेवा देणाऱ्या संस्थेचे नाव घेऊन तिच्या उणिवा चव्हाट्यावर मांडणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून नाव देत नाही. संस्थेला जे सांगायचे ते मी लेखी सांगितले आहेच. हा अभिप्राय आहे तो गावाकडून फाईल घेऊन पहिल्यांदाच परळला उतरणाऱ्या कुटुंबांसाठी, आणि त्यातही ज्यांच्या पिशवीत तपासण्यांच्या कागदांबरोबर देवाचा फोटोही असतो अशांसाठी.

आम्ही मंगळवेढा तालुक्यातले. घरात चार पिढ्यांची पंढरीची वारी आहे, यजमान माळकरी आहेत आणि गावच्या भजनात पखवाज वाजवतात. माळकरी माणूस दारूला आणि मांसाहाराला शिवत नाही, मात्र तंबाखूची चंची अनेक दिंड्यांमध्ये या हातातून त्या हातात बिनदिक्कत फिरत असते आणि तिला कोणी पाप समजत नाही. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे. चुना लावून दाढेत धरायच्या तंबाखूला ती लागू नाही. तोंडाचा कर्करोग आपल्या देशातील पुरुषांमध्ये सर्वाधिक आढळतो, तो उगाच नव्हे. यजमानांच्या गालात आतून आलेला पांढरा चट्टा आधी जखम झाला आणि मग गाठ. तुकडा तपासून आल्यावर आमच्या डॉक्टरांनी बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि मुंबईचे टाटा असे दोन पर्याय समोर ठेवले. बार्शी आम्हाला घरच्यासारखी जवळ, पण गाल आणि जबड्याचा भाग काढल्यानंतर तेथे दुसरीकडचे मांस आणि त्वचा बसवण्याची मोठी शस्त्रक्रिया लागणार होती, म्हणून आम्ही मुंबई निवडली.

मुंबईत आमचे थोरले दीर आहेत, पण ते बदलापूरला. नाकात नळी असलेल्या माणसाला सकाळी आठच्या सुमाराला बदलापूरहून लोकलमध्ये चढवून परळला आणण्याची कल्पना ज्यांना करता येते त्यांना धर्मशाळेची गरज वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा आणि किरणोपचाराचा भार पुष्कळ हलका होतो. रेल्वे कर्करुग्णाला शयनयान आणि वातानुकूलित तृतीय श्रेणीत पूर्ण, तर सोबतच्या एका माणसाला पाऊण सवलत देते. मात्र मुंबईत महिनोन्‌महिने डोके टेकायला जागा कोठे, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही योजनेत नाही. शेतकरी कुटुंब उपचाराच्या खर्चाने जितके खचते तितकेच ते लॉजच्या भाड्याने खचते, हे मी त्या इमारतीत जितक्या जणांशी बोलले त्यांच्याकडून ऐकले.

टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. तेव्हापासून साऱ्या देशातून, विशेषतः उत्तर प्रदेश, बिहार, बंगाल आणि आसामातून, माणसे येथे येत आहेत, आणि ज्यांना जागा मिळत नाही ती समोरच्या पदपथावर प्लास्टिक अंथरून झोपतात. ही निवाऱ्याची गरज ओळखून ज्या संस्था उभ्या राहिल्या त्यांत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन ही नावे बहुतेकांना ठाऊक असतात. लहान मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रे आहेत. गाडगेबाबांनी (१८७६ ते १९५६) कीर्तनात देवळातल्या दगडावर आणि नवसांवर कोरडे ओढले आणि जमलेल्या पैशांतून धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरला त्यांनी आमच्या मंगळवेढ्याच्या संत चोखोबांच्या नावाने धर्मशाळा बांधली आणि पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. मुंबईत त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही निवारा उभारला. आम्ही उतरलो ती वास्तू बाबांची नव्हे, पण तेथील बहुतेक नियम त्यांच्या शिकवणीला धरून आहेत, असे मला मुक्कामभर वाटत राहिले.

प्रवेश सोपा नाही. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाची चिठ्ठी, फाईलचा क्रमांक, उपचार किती आठवडे चालणार याचे डॉक्टरांच्या हातचे पत्र, रुग्ण आणि एक सोबती यांची आधार कार्डे, एवढे झाल्यावर यादीत नाव लागते आणि मग रोज सकाळी जाऊन विचारावे लागते. दूरध्वनीवर नंबर कळवत नाहीत. हा हट्ट मला अनाकलनीय वाटला. ज्यांना आठ दिवस रोज येऊन विचारणे शक्य आहे त्यांची कोठे तरी राहण्याची सोय झालेली असते, आणि ज्यांची झालेली नसते ते दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी पकडतात. आमच्या बाबतीत हे विचारण्याचे काम पुण्याहून रजा काढून आलेल्या मुलाने केले. तो देवधर्माच्या बाबतीत आमच्यापेक्षा पुष्कळ कोरडा, परंतु रांगेच्या बाबतीत कोणत्याही वारकऱ्याइतका चिवट निघाला.

शुल्क दोघांचे मिळून दिवसाला १०० रुपये आणि परत मिळणारी १,००० रुपये अनामत. खोली लहान, दोन लोखंडी खाटा, एक कपाट, एक खिडकी. स्वच्छता उत्तम, मजल्यावरच्या मावशी दिवसातून दोनदा फिनेल टाकून फरशी पुसतात आणि जखमेची पट्टी वा नळीची पिशवी उघड्या बादलीत टाकलेली दिसली तर रुग्णासमोरच सोबत्याची कानउघाडणी करतात. शौचालये सामाईक आहेत आणि त्यांत धरायला दांडे आहेत, जे मी मुंबईतल्या महागड्या लॉजमध्येही पाहिले नाहीत. उद्वाहन रात्री अकराला बंद होते. चौथ्या मजल्यावर केमोचा रुग्ण असताना हे योग्य नाही, आणि पहारेकऱ्याला उठवल्यावर तो चालू करून देतो हे त्यावरचे उत्तर नव्हे.

स्वयंपाकघराविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तोंडाच्या कर्करोगात सोबत्याचा निम्मा दिवस तेथेच जातो. शस्त्रक्रियेनंतर यजमानांचे सारे खाणे नाकातून पोटात गेलेल्या नळीवाटे होते. मऊ भात, मुगाचे वरण, उकडलेली भाजी, शेंगदाण्याचे कूट आणि दूध एकत्र वाटायचे, गाळणीने दोनदा गाळायचे, कारण भाजीचा एक धागा जरी राहिला तरी नळी तुंबते. मग रुग्णाला ताठ बसवून मोठ्या सिरिंजने सावकाश सोडायचे, शेवटी पाण्याने नळी धुऊन काढायची आणि त्यानंतर अर्धा तास त्याला आडवे होऊ द्यायचे नाही. हे दर दोन-तीन तासांनी. या कामासाठी संपूर्ण मजल्याला एक मिक्सर आणि त्याला एकच भांडे होते. सकाळी सहा वाजता त्या मिक्सरपुढे जी रांग लागे ती पाहून मला दिंडीतल्या टँकरची आठवण होई. त्याच भांड्यात आदल्या रात्री कोणीतरी लसूण घालून लाल मिरचीचा ठेचा वाटलेला असे. नळीवर असलेल्याला त्याचा फरक पडत नाही, परंतु ज्यांच्या तोंडाची किरणांनी सालपटे निघाली आहेत आणि तरीही जे चमच्याने गिळू पाहतात, त्यांना तो एक कण डोळ्यांतून पाणी काढतो. नळीच्या आणि पातळ आहारासाठी वेगळे भांडे ठेवावे आणि त्यावर लाल रंगाने तसे लिहावे, ही सूचना मी नोंदवहीत लिहिली. ती आम्ही निघेपर्यंत अमलात आली नव्हती. शेवटी आम्ही तीन कुटुंबांनी वर्गणी काढून आमचे भांडे वेगळे केले. दुपारचे जेवण देणगीदारांकडून येते. ते पोटभर आणि ताजे असते, मात्र ते निरोग्यांच्या जिभेसाठी रांधलेले असते. रुग्णाने त्यावर विसंबून राहू नये.

आता प्रार्थनेच्या खोलीकडे येते, कारण या निवासाची माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक केलेली व्यवस्था तीच आहे. तळमजल्यावर एक मोठी खोली आहे, तिच्यात सतरंज्या, पाठ असलेल्या चार खुर्च्या आणि पिण्याचे पाणी आहे. मूर्ती नाही, फोटो नाही, दानपेटी नाही. दारावर वेळा लिहिलेल्या आहेत आणि ज्याला जी वेळ हवी त्याने कार्यालयात नाव सांगून ती घ्यायची. आम्ही सायंकाळी सातला हरिपाठ म्हणत असू. त्याआधीची वेळ मुर्शिदाबादहून आलेल्या एका कुटुंबाची होती. त्यांच्या घरातील सूनबाई आपल्या नवऱ्याला चाकाच्या खुर्चीतून आणत, सतरंजीचा कोपरा झटकून घेत आणि नमाज आटोपला की आमच्यासाठी तीच सतरंजी पुन्हा सरळ अंथरून जात. आषाढ जवळ आला तेव्हा मी त्यांना आमची अडचण सांगितली, की आम्हाला थोडा अधिक वेळ लागेल. त्यांनी मला हिंदीत एवढेच विचारले, की टाळ वाजवणार का, कारण नवऱ्याला आवाजाने मळमळते. आम्ही टाळाऐवजी टाळी धरली. मंडळींना समन्वयावर भाषणे फार आवडतात; येथे वेळापत्रक होते, आणि ते पाळले जात होते.

त्याच दारावर दुसरा एक फलक आहे. या आवारात अंगारा, भस्म, ताईत, पाणी मंतरून देणे, कोणतेही औषध वा काढा वाटणे यांस सक्त मनाई आहे आणि उपचार मध्येच सोडणाऱ्याची खोली दुसऱ्याला दिली जाईल, असे त्यावर मराठी, हिंदी आणि बंगालीत लिहिले आहे. श्रद्धाळू माणसाला हा फलक प्रथम खुपतो. आमच्या जाऊबाई भेटायला आल्या तेव्हा त्यांनी तो वाचून, देवाच्या खोलीला पोलीस कशाला, असे म्हटलेच. परंतु शेजारच्या खोलीत पंचेचाळिशीच्या एका गृहस्थांना घेऊन त्यांच्या पत्नी आल्या होत्या. त्यांच्याकडे आठ महिने एका बुवाचा झाडपाला चालू होता, आणि पहिल्या तपासणीत जे काढून टाकता आले असते ते आता काढता येत नव्हते. त्या ताई रोज आमच्याबरोबर हरिपाठाला बसत. त्यांनी बुवाला कधी शिव्या दिल्या नाहीत, आणि देवालाही नाहीत. आमच्या घरातूनही तो झाडपाला सुचवला गेला होताच. यजमानांनी नकार दिला तो विज्ञानाच्या पुस्तकातून आलेला नव्हता. ज्या विठोबाला आयुष्यभर काही मागितले नाही त्याच्याकडून आता गाठ बरी करून घ्यायची, आणि तीही मध्यस्थामार्फत, हे त्यांना व्यवहार केल्यासारखे वाटले. गाठ डॉक्टरांनी काढावी, आणि डॉक्टरांनी काढेपर्यंत आपण खचू नये एवढे देवाने पाहावे, अशी त्यांची वाटणी होती, आणि मला ती आजही बिनचूक वाटते.

फलक असूनही एक प्रसंग घडला, तो लिहिला नाही तर हा अभिप्राय अपुरा राहील. एका रविवारी देणगीदार म्हणून आलेल्या एका गृहस्थांनी फळांच्या पिशव्यांबरोबर एका काढ्याच्या बाटल्या वाटल्या आणि किरणोपचार चालू असतानाही तो घेता येतो, असे छातीठोकपणे सांगितले. पहारेकरी देणगीदाराला अडवू धजला नाही. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी खोलीखोलीत फिरून बाटल्या परत घेतल्या हे खरे, पण तोवर तिघांनी त्या प्यायल्या होत्या आणि त्यांतला एक रात्रभर उलट्या करीत होता. देणगीदारांचा दुसरा उपद्रव छायाचित्रांचा. मुलाच्या वाढदिवसानिमित्त लाडू वाटायला आलेल्या एका कुटुंबाने, ज्यांचा अर्धा जबडा गेलेला आहे अशा माणसांना रांगेत उभे करून, हातात लाडू देऊन फोटो काढले. यजमानांनी उपरण्याने तोंड झाकून घेतले. लाडू त्यांना खाता येणार नव्हताच. संस्थेने या दोन्ही बाबतींत स्पष्ट नियम करून तो देणगीच्या पावतीवरच छापावा, असे मी लेखी कळवले आहे.

श्रद्धेच्या आचारांना उपचारांत मुरड घालावी लागते, आणि त्या वेळी भोवतालची माणसे कशी वागतात यावर पुष्कळ अवलंबून असते. आमच्या बाबतीत पहिला प्रश्न माळेचा आला. किरणोपचारासाठी चेहऱ्याच्या आणि मानेच्या मापाचा प्लास्टिकचा जाळीदार मुखवटा करतात; गरम पाण्यात मऊ केलेली ती जाळी तोंडावर दाबून बसवतात, ती निवून घट्ट होते आणि मग रोज उपचाराच्या वेळी ती टेबलाला अडकवून डोके जागच्या जागी धरून ठेवतात. त्याखाली गळ्यात काही ठेवता येत नाही. शिवाय मानेची कातडी काळी पडून सोलवटते, तिला साबणसुद्धा लावायचा नसतो, मग मण्यांचे घासणे कसे चालणार. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, असा हा उपचार असतो. आमच्या घरचा शिरस्ता असा, की माळ तुटली तर ती पुन्हा ओवून घालेपर्यंत पाण्याचा घोट घ्यायचा नाही. शस्त्रक्रियेच्या दिवशी ती परिचारिकेने उतरवून माझ्या हाती दिली होती, त्या वेळी यजमान शुद्धीवर नव्हते म्हणून तो प्रश्न निभावला. आता त्यांना शुद्धीत, स्वतःच्या हाताने ती उतरवायची होती, आणि ते तयार होईनात.

मजल्यावरच्या मावशींनी, ज्या स्वतः सातारच्या बाजूच्या माळकरी आहेत, यजमानांना समजावण्याचा प्रयत्न केला नाही. त्यांनी कार्यालयातून दूरध्वनी लावून दिला आणि आमच्या फडाच्या, म्हणजे वारकऱ्यांच्या ज्या परंपरेत आम्ही आहोत तिच्या, महाराजांशी बोला, असे सांगितले. महाराजांनी माळ मनगटाला बांधायला सांगितली आणि उपचार संपल्यावर पंढरपुरात चंद्रभागेवर ती पुन्हा गळ्यात घालू, तोवर तुमच्या नेमात खंड नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. यजमानांना तेवढे पुरले. तंत्रज्ञ बाई रोज विचारीत, काका, गळा मोकळा आहे ना, आणि ते हात वर करून मनगट दाखवीत. बोलता येत नव्हते, म्हणून त्यांचे उत्तर तेवढेच असे.

एकादशीचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. आहारतज्ज्ञांनी एक वेळचेही अन्न चुकवायचे नाही असे बजावले होते, कारण या उपचारात वजन उतरले तर मुखवटा सैल होतो आणि किरणांचा नेम चुकण्याची भीती असते. यजमानांची एकादशी मी धरली आणि त्यांनी नळीतून नेहमीचे घेतले. आषाढीला मात्र ते अस्वस्थ झाले. किरणांबरोबर आठवड्यातून एकदा केमो चालू होती, रक्तातील पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या आणि गर्दीत जाण्यास मनाई होती. वडाळ्याचे विठ्ठल मंदिर धर्मशाळेपासून फार लांब नाही, तेथे आषाढीला सारी मुंबई लोटते. मी पहाटे एकटीच जाऊन दर्शन घेऊन आले. त्या सायंकाळी प्रार्थनेच्या खोलीत एरवी सहा-सात माणसे असत तेथे तीसएक जमली, त्यांत बिहारचे होते, कोकणातले होते, आणि ज्यांना एकही अभंग येत नव्हता असेही होते. यजमानांच्या पुढ्यात कोणीतरी पाण्याचा रिकामा जार पालथा घातला आणि त्यांनी त्यावर पखवाजाचे बोल वाजवले. मुर्शिदाबादच्या सूनबाईंनी त्या दिवशी आपली वेळ सोडून दिली होती आणि त्या दारात उभ्या राहून आत पाहत होत्या.

या अभिप्रायात केवळ चांगले क्षण आले तर तो खोटा ठरेल. त्या इमारतीत माणसे दगावतातही. मृत्यू झाल्यावर रुग्णवाहिका, दाखला, गावाकडे नेण्याची व्यवस्था हे सारे व्यवस्थापन विलक्षण तत्परतेने करते. त्या बाबतीत मी कोठेही इतकी कार्यक्षमता पाहिली नाही. मात्र मागे राहिलेल्या सोबत्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खोली रिकामी करावी, असा नियम आहे आणि तो पाळला जातो. झाडपाल्याचे मी वर लिहिले त्या गृहस्थांच्या पत्नीला खोली सोडताना मी पाहिले आहे. यादीत माणसे ताटकळत आहेत हे मला मान्य आहे, तरीही एक दिवस अधिक देणे संस्थेला परवडण्यासारखे आहे. तसेच सोबत्यांसाठी, त्यांतही स्त्रियांसाठी, रुग्णाच्या नजरेआड बसता येईल असा एकही कोपरा तेथे नाही. रुग्णासमोर हसायचे आणि रडायला जिन्यात जायचे, असा आम्हा बायकांचा दिनक्रम होता, आणि जिन्यात आधीच कोणीतरी बसलेली असे. आठवड्यातून एकदा येणाऱ्या समुपदेशक बाई चांगल्या होत्या. त्या फक्त हिंदी आणि इंग्रजी बोलत, त्यामुळे आमच्या भागातल्या बायका त्यांच्यापुढे मान डोलवून परत येत.

ज्यांचा उपचार महिनाभराहून अधिक चालणार आहे, ज्यांच्याकडे स्वतः रांधून घालणारा सोबती आहे आणि ज्यांना सामाईक शौचालयाचे वावडे नाही, त्यांनी अशा धर्मशाळेसाठी निःशंक प्रयत्न करावा. सोबत स्वतःचा लहान मिक्सर, बारीक जाळीची स्टीलची गाळणी आणि झाकणाचे डबे आणावेत. सोबती एकच चालतो आणि तो बदलायचा असेल तर आदल्या दिवशी कार्यालयात कळवावे लागते, अन्यथा नव्या माणसाला दारातूनच परत पाठवतात. ज्या कुटुंबाला रुग्णाभोवती आठ-दहा माणसे हवी असतात, आरती, सप्ताह वा पोथीचे पारायण खोलीतच करायचे असते, त्यांचे येथे जमणार नाही, आणि व्यवस्थापन ते पहिल्याच दिवशी सांगते. अतिदक्षतेची वा रात्रभर परिचारिकेची गरज असलेल्या रुग्णानेही येथे येऊ नये. येथे प्रथमोपचाराची पेटी आहे, डॉक्टर नाही.

पुनर्तपासणीला येणाऱ्यांना येथे खोली देत नाहीत. पहिली दोन वर्षे दर दोन-तीन महिन्यांनी यावे लागते, आणि त्यासाठी आम्ही आता सोलापूरहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने रात्री निघतो, पहाटे दादरला उतरतो आणि तपासणी आटोपून त्याच रात्री परततो. जुन्या रहिवाशांना तळमजल्यावर आंघोळीची आणि सामान ठेवण्याची सोय मोफत मिळते, त्यासाठी अनामत परत घेतल्याची पावती जपून ठेवावी.